मणक्याचं फ्रॅक्चर आणि ऑस्टिओपोरोसिसचे रखडणारे उपचार

रानजाई

साठी ओलांडलेली बाई वाकून पाण्याची बादली उचलते किंवा एसटीच्या मागच्या बाकावर बसलेली असताना खड्ड्यात दणका बसतो, आणि पाठीत कळ येते. लचक भरली असं समजून शेक, मलम, दुखण्याच्या गोळ्या सुरू होतात. पंधरा दिवसांनी एक्स-रे निघतो, 'मणका जरासा दबलाय, वयाप्रमाणे असतं' असं सांगितलं जातं, पट्टा आणि कॅल्शियम लिहून मिळतं. दोन-तीन महिन्यांत दुखणं ओसरतं आणि फाइल कपाटात जाते. खरा घोटाळा इथेच होतो, कारण ठिसूळ हाडांवर अजून काहीच उपचार झालेले नसतात.

मणक्याचं नवं फ्रॅक्चर झालेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला वर्षभरात दुसरं फ्रॅक्चर होतं, ही आकडेवारी २००१ सालीच प्रसिद्ध झाली आहे. म्हणजे पहिलं वर्ष सगळ्यात धोक्याचं, आणि नेमकं तेच वर्ष आपण वाया घालवतो. त्यातही अशा फ्रॅक्चरपैकी साधारण दोन तृतीयांश कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

या धाग्यात दोन गोष्टी एकत्र करू या. फ्रॅक्चर झाल्यावर पहिले तीन महिने कसे काढायचे, आणि त्याच काळात हाडांचं औषध वेळेवर कसं सुरू करून घ्यायचं. जाणकारांनी आकड्यांसकट, नेमकं लिहावं ही विनंती.

छायाप्रकाश

एक्स-रेपासून सुरुवात करतो, कारण पहिला उशीर तिथेच होतो.

सर्वात जास्त दबणारे मणके म्हणजे डी-१२ आणि एल-१, जिथे छातीचा कणा संपून कमरेचा सुरू होतो. त्यानंतर डी-७, डी-८ च्या आसपासचे. आता गंमत नाही, अडचण अशी की डी-१२ किंवा एल-१ दबला तरी दुखणं पुष्कळदा खाली, कंबरेच्या हाडाच्या कडेला जाणवतं. पेशंट बोट ठेवते कंबरेवर, म्हणून चिठ्ठीवर येतं 'एलएस स्पाइन', म्हणजे फक्त कंबरेचा एक्स-रे. त्या फिल्मवर डी-१२ वरच्या कडेला अर्धामुर्धा येतो किंवा येतच नाही. रिपोर्ट 'वयोमानानुसार झीज' असा येतो. म्हणून डॉर्सोलंबर स्पाइन (छाती-कमरेच्या सांध्याचा भाग), एपी (समोरून) आणि लॅटरल, असं मागायचं. लॅटरल म्हणजे कुशीवरची फिल्म महत्त्वाची, समोरून काढलेल्यात दबलेला मणका सहज निसटतो. वरच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये दुखत असेल तर डॉर्सल वेगळा काढावा.

रिपोर्टातली भाषाही फसवी असते. 'वेजिंग', 'लॉस ऑफ हाइट', 'एंडप्लेट डिप्रेशन', 'बायकॉनकेव्ह' हे सगळे शब्द दबलेल्या मणक्याबद्दलच आहेत. काही मणके जन्मतः किंवा पूर्वीच्या आजाराने जरा निमुळते असतात, त्यामुळे प्रत्येक वेजिंग फ्रॅक्चर नसतं, पण ते ठरवायला कुणीतरी मुद्दाम पाहायला हवं. उंची २० ते २५ टक्के कमी झाली असेल तर सौम्य, २५ ते ४० मध्यम, ४० च्या वर तीव्र, अशी सर्वसाधारण प्रतवारी आहे. 'माइल्ड' वाचून फाइल मिटू नका. सौम्य फ्रॅक्चरसुद्धा पुढच्या फ्रॅक्चरची सूचना असते.

छातीच्या एक्स-रेत किंवा पोटाच्या सीटी स्कॅनमध्येही दबलेले मणके दिसतात, पण स्कॅन न्यूमोनियासाठी किंवा मुतखड्यासाठी काढलेला असतो. जुनी पाकिटं फेकू नयेत. मागच्या फिल्मशी तुलना झाली की फ्रॅक्चर नवं का जुनं, हे कळायला मोठी मदत होते. शंका राहिलीच तर एमआरआय. त्यात 'स्टर' नावाच्या सीक्वेन्समध्ये ताज्या फ्रॅक्चरच्या मणक्यात सूज पांढरी चमकते, जुन्यात चमकत नाही.

आणि एक गोष्ट आपल्याकडे विसरून चालणार नाही: टीबी. संध्याकाळचा ताप, वजन घटणं, भूक जाणं, पडून राहिल्यावरही न थांबणारं दुखणं असेल तर ते ठिसूळपणाचं फ्रॅक्चर धरून बसू नये. टीबीत बहुधा दोन मणक्यांमधली चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंचा भाग खाल्लेला दिसतो. ठिसूळपणाच्या फ्रॅक्चरमध्ये चकती शाबूत असते. कॅन्सर पसरून मणका दबला असेल तर मणक्याच्या मागच्या भागात बदल दिसू शकतात. पायांत जोर कमी होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

गोदाकाठ

खूप उपयोगी प्रतिसाद. एक शंका. एका ७१ वर्षांच्या काकूंच्या एक्स-रेत 'अँटिरियर वेजिंग ऑफ डी-१२' आहे, डेक्सात (हाडांची घनता मोजणारी तपासणी) कमरेचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला घनतेचा आकडा, मात्र उणे १.९. ऑस्टिओपोरोसिस उणे २.५ पासून धरतात ना? मग त्यांना फक्त ऑस्टिओपीनिया (घनता थोडीच कमी) आहे आणि कॅल्शियम पुरे, असं सांगितलंय. बरोबर आहे का?

अस्थिविचार

गोदाकाठ, नाही. हा गैरसमज फार नुकसान करतो.

मोठा मार न लागता मणका दबला असेल, आणि दुसरा आजार नाही याची खात्री झाली असेल, तर ते ऑस्टिओपोरोसिसच, टी-स्कोअर काहीही असो. 'मोठा मार' म्हणजे जिन्यावरून गडगडणं, गाडीचा अपघात. उभ्या उंचीवरून पडणं, वाकणं, शिंकणं हे मोठ्या मारात बसत नाही.

त्यात कमरेचा टी-स्कोअर या वयात खोटा चांगला दिसतो. मणक्यांच्या कडेला वाढलेली हाडं, महाधमनीत साचलेलं कॅल्शियम, आणि खुद्द दबलेला मणका, हे सगळं मशीनला घनता जास्त दाखवतं. दबलेल्या मणक्यात तेवढंच खनिज कमी जागेत गच्च बसलेलं असतं. म्हणून तो मणका मोजणीतून वगळायचा असतो. काकूंच्या रिपोर्टात एल-१ ते एल-४ प्रत्येकाचा वेगळा आकडा असेल. एखादाच मणका बाकीच्यांपेक्षा एक पूर्ण आकडा 'चांगला' असेल तर तो संशयास्पद. खुब्याचा आकडा पाहा, या वयात तो अधिक भरवशाचा. डेक्सा पुन्हा करायचा तेव्हा शक्यतो त्याच सेंटरच्या त्याच मशीनवर, वर्ष-दोन वर्षांनी. वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

कॅल्शियम पुरे नाही, पण औषधाआधी रक्त तपासायलाच हवं: हिमोग्लोबिन आणि ईएसआर, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, टीएसएच, यकृताच्या चाचण्या. पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइडचं संप्रेरक), विशेषतः कॅल्शियम वरच्या बाजूला असेल तर. आणि सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. ही शेवटची बहुतेक वेळा राहून जाते. मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर पुष्कळदा पाठदुखी आणि दबलेला मणका घेऊनच समोर येतो. हिमोग्लोबिन कमी, ईएसआर शंभराच्या आसपास, क्रिएटिनिन वाढलेलं असं चित्र असेल तर थांबू नये. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनही बघतात. पुरुषांना हा आजार होत नाही असं समजून त्यांचे मणके तर आणखी उशिरा पकडले जातात.

औषधांची यादीही तपासा. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तीन महिन्यांहून जास्त चालू असेल (दमा, संधिवात, त्वचारोग), तर हाडं पहिल्या काही महिन्यांतच झपाट्याने खालावतात. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडण्याचे प्रकार झाले आहेत. आणि अशा पुड्या वा प्रेडनिसोलोन एकदम बंद करू नये, मात्रा डॉक्टरांनीच उतरवायची असते.

सरळकणा

भौतिकोपचाराच्या बाजूने लिहिते. औषधांचं इतर लिहितीलच.

पहिले काही दिवस पडून राहणं ठीक, पण सलग आठवडे नको. पडून राहिल्याने हाड आणि स्नायू दोन्ही झपाट्याने उतरतात, शिवाय बद्धकोष्ठता आणि छातीत कफ. दुखणं सोसवेल इतपत दर तासाला पाच-दहा मिनिटं उठून चालणं, पुन्हा आडवं होणं, अशी पाळी ठेवायची. सगळ्यात जास्त ताण पुढे वाकून बसण्यात येतो. उभं राहणं त्यापेक्षा सुसह्य. म्हणून सोफ्यात रुतून बसणं पहिलं बंद. ताठ पाठीची, हाताची खुर्ची, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल, पाय जमिनीला टेकलेले.

अंथरुणातून उठण्याची रीत शिकवायलाच हवी, घरोघरी इथे चूक होते. उताणं असताना कुणीतरी हात धरून सरळ वर ओढतं आणि दबलेल्या मणक्यावर सगळा भार येतो. असं करा: आधी दोन्ही गुडघे दुमडा. खांदे आणि खुबे एकदम, एकाच वेळी कुशीवर वळवा, मध्ये पीळ पडू देऊ नका. मग पाय पलंगाखाली सोडता सोडता खालच्या कोपराने आणि वरच्या तळहाताने गादी दाबत बाजूने उठा. मदत करणाऱ्याने खांद्याला आणि खुब्याला हात लावायचा, हात धरून ओढायचं नाही. जमिनीवरची गादी असेल तर तीन महिने पलंग किंवा दिवाणच वापरा.

पट्ट्याबद्दल. औषधाच्या दुकानात मिळणारा कंबरेचा पट्टा डी-१२ ला धरत नाही, तो खूप खाली बसतो. डी-१२, एल-१ साठी टेलर ब्रेस (खांद्यांपासून कमरेपर्यंत पाठ धरणारा) किंवा पुढून छातीच्या हाडावर आणि ओटीपोटावर टेकणारा अॅश ब्रेस. तो बसल्या-उभ्या असताना घालायचा, झोपताना काढायचा, साधारण सहा ते आठ आठवडे, पुढे हळूहळू कमी. सुती बनियनवरून घाला, नाहीतर उकाड्यात काखेत आणि कंबरेच्या हाडावर कातडी सोलवटते. पट्टा नुसता आवळून पोट दाबत असेल, जेवण जात नसेल, तर माप चुकलंय. महिनोन्महिने घालत राहिल्यास पाठीचे स्नायू आळसावतात.

शौचालय. उकिडवं बसायचं नाही. कमोड नसेल तर कमोड खुर्ची आणा, भिंतीला धरायला दांडा लावा. कुंथल्याने पाठीवर जोर येतो, त्यात ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची जोरदार गोळी चालू असेल तर मलावरोध ठरलेलाच. ती गोळी सुरू होते त्याच दिवशी इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं लॅक्ट्युलोज सुरू करायचं, चार दिवस वाट पाहायची नाही. इसबगोल भरपूर पाण्यासोबतच. खोकला असेल तर तोही अंगावर काढू नये. खोकताना हाताने उशी पोटाशी घट्ट धरा आणि पाठ ताठ ठेवा.

विळीवर बसून भाजी चिरणं, आखूड झाडूने वाकून केर काढणं, खाली बसून कपडे चोळणं, नळाखालची भरलेली कळशी उचलणं: ही कामं बंद. ओट्याशी उभं राहून सुरी, उंच दांड्याचा झाडू आणि मॉप. खालची वस्तू उचलताना गुडघ्यात वाकायचं, कंबरेत नाही, आणि वजन अंगाजवळ.

व्यायामात काय टाळायचं ते आधी. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, सर्वांगासन, पोटाचे सिट-अप, सूर्यनमस्कार. पुढे वाकवणारे व्यायाम करणाऱ्या ऑस्टिओपोरोसिसच्या बायकांमध्ये ८९ टक्के जणींना नवे मणके दबले आणि पाठ मागे ताणणारे व्यायाम करणाऱ्यांमध्ये १६ टक्के जणींना, असं १९८४ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं होतं. गट छोटे होते, तरी सल्ला आजही तोच आहे. योगवर्गाला जाणाऱ्यांनी शिक्षकांना फ्रॅक्चरचं स्पष्ट सांगावं.

काय करायचं: पहिल्या आठवड्यांत उताणं पडून खांद्याची पाती एकमेकांकडे खेचून पाच सेकंद धरणं, दहा वेळा, घोट्यांच्या हालचाली, खोल श्वास. दुखणं बरंच उतरल्यावर, साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान, भौतिकोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली पालथं पडून डोकं-छाती किंचित वर, आणि खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठण्याचा सराव. मांड्या बळकट झाल्या की पडणं कमी होतं.

मात्रा

औषधांचं लिहिते. नावं माहिती असावीत आणि डॉक्टरांना नेमकं विचारता यावं, एवढ्यासाठी. निवड त्यांचीच.

दुखण्यासाठी आधी पॅरासिटॅमॉल, वयस्कांत दिवसाला एकूण ३ ग्रॅमच्या आत, आणि ठरलेल्या वेळी. कळ उठल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरं. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या साठीनंतर मूत्रपिंड, रक्तदाब, जठर बघूनच. कॅल्सिटोनिनचा नाकातला फवारा, २०० युनिट रोज, एक दिवस उजव्या तर एक दिवस डाव्या नाकपुडीत, हा ताज्या फ्रॅक्चरच्या वेदनेवर दोन-चार आठवडे देतात. हाडांचा मूळ उपचार म्हणून तो पुरेसा नाही.

'आधी हाड जुळू दे, मग हाडाचं औषध' हे वाक्य फार ऐकू येतं. त्याने तीन महिने जातात, मग दुखणं थांबतं, मग कुणी येतच नाही. नेहमीच्या मात्रेत या औषधांनी हाड जुळण्यात अडथळा येतो असं दिसलेलं नाही. झोलेड्रॉनिक अॅसिड (हाडझीज रोखणारं, सलाइनमधून दिलं जाणारं औषध) फ्रॅक्चरनंतर साधारण दोन आठवड्यांनी देता येतं. टेरिपॅराटाइड लगेचही.

अॅलेंड्रोनेट, हाडझीज रोखणारी गोळी, ७० मिग्रॅ आठवड्यातून एकदा. पहाटे उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा, दूध, कॅल्शियम त्याबरोबर घेतलं तर औषध शोषलंच जात नाही. त्यानंतर अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं, आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. ताज्या फ्रॅक्चरची बाई अर्धा तास ताठ बसू शकत नाही, म्हणून तेव्हा ही गोळी सोयीची नसते. नेमकी हीच गोळी लिहून दिलेली असते आणि ती झोपून घेतली जाते.

झोलेड्रॉनिक ५ मिग्रॅ, वर्षातून एकदा सलाइनमधून, किमान १५ मिनिटांत, अर्धा तास लावला तर उत्तम. कॅन्सरच्या रुग्णांची मात्रा ४ मिग्रॅ असते, कुपी बघून घ्या. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३५ च्या खाली असेल तर देत नाहीत. आधी व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम ठीक हवं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम घसरून हातपाय वळतात. आदल्या रात्री आणि त्या दिवशी भरपूर पाणी. पहिल्या डोसनंतर ताप, अंग मोडून येणं एक ते तीन दिवस होतं, त्यासाठी पॅरासिटॅमॉल. दुसऱ्या वर्षी बहुधा फार कमी.

टेरिपॅराटाइड हे नवं हाड घडवणारं औषध. २० मायक्रोग्रॅम रोज पोटावर किंवा मांडीवर, पेनने, जास्तीत जास्त २४ महिने. मणके दबलेल्यांसाठी याचं महत्त्व मोठं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोन वर्षांत रिसेड्रोनेट (अॅलेंड्रोनेटच्याच गटातली गोळी) घेणाऱ्या बायकांत १२ टक्के आणि टेरिपॅराटाइड घेणाऱ्यांत ५.४ टक्के जणींना नवे मणके दबले. पेन २ ते ८ अंशांत, फ्रीजरमध्ये नाही, उघडल्यापासून २८ दिवसांनी टाकून द्यायचं, सुई दर वेळी काढायची. पहिले काही दिवस इंजेक्शननंतर उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून पलंगावर बसून घ्या. हाडाला रेडिएशन मिळालेल्यांना किंवा हाडाचा कॅन्सर असलेल्यांना देत नाहीत. आणि दोन वर्षं संपली की लगेच झोलेड्रॉनिक किंवा अॅलेंड्रोनेट हवंच, नाहीतर कमावलेलं हाड जातं.

आता डेनोसुमॅब, हाडझीज रोखणारं इंजेक्शन, ६० मिग्रॅ दर सहा महिन्यांनी. यावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं: हे मध्येच सोडायचं नाही. शेवटच्या डोसला सात महिने उलटून गेले की दाबून ठेवलेली हाडझीज उसळून येते आणि एकाच वेळी अनेक मणके दबल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. बंद करायचं असेल तर जागेवर झोलेड्रॉनिक किंवा तसंच औषध लागतं, आणि ते डॉक्टरांशी आधी ठरवून. डेनोसुमॅबवरून थेट टेरिपॅराटाइडवर जाणंही नुकसानीचं, हाड आधी घटतं. पुढच्या डोसची तारीख फोनच्या कॅलेंडरवर, शक्यतो दोघांच्या फोनवर, डोस घेतल्याच दिवशी टाका.

दंतवैद्य: झोलेड्रॉनिक किंवा डेनोसुमॅबआधी दात तपासून, काढायचे असतील ते आधी काढून घ्या. जबड्याचं हाड उघडं पडण्याचा धोका ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत दुर्मीळ आहे, त्यामुळे त्या भीतीने उपचार नाकारण्याचं कारण नाही. आणि वर्षानुवर्षं औषध चालू असताना मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं आलं तर दोन्ही मांड्यांचा एक्स-रे.

कॅल्शियमबद्दल: अन्न धरून दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ. पेलाभर, २०० मिली, दुधात साधारण २४० मिग्रॅ, नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे अनेकींना गोळी एकच पुरते. कार्बोनेट जेवणाबरोबर, अॅसिडिटीच्या गोळ्या कायम चालू असतील तर सिट्रेट. व्हिटॅमिन डी ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, मग महिन्यातून एकदा. 'आठवड्यातून' चं 'रोज' झालेलं कैक घरांत दिसतं आणि मग कॅल्शियम चढून उलट्या, गुंगी. ६ लाखांचं एकच इंजेक्शनही नको. वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिल्यावर पडणं आणि फ्रॅक्चर वाढलेलं २०१० च्या अभ्यासात दिसलं आहे.

चांदणवेल

मणक्यात सिमेंट भरतात ते करावं का? एका ठिकाणी 'आजच अॅडमिट व्हा, संध्याकाळी चालत घरी' असं सांगितलं जातं.

छायाप्रकाश

चांदणवेल, घाई करू नये आणि एकदम नाकारूही नये. २००९ मध्ये दोन चाचण्यांत खरं सिमेंट आणि नुसती सुई टोचल्याचा देखावा, यांत वेदनेचा फरक दिसला नाही. २०१६ मध्ये सहा आठवड्यांच्या आतल्या, अतिशय दुखणाऱ्या फ्रॅक्चरमध्ये फायदा दिसला. त्यामुळे एमआरआयमध्ये मणका ताजा, नीट औषधं देऊनही अंथरुणातून हलता येत नाही, अशा निवडक पेशंटसाठी विचार होतो. जुन्या, न चमकणाऱ्या मणक्यात सिमेंट भरू नये. सिमेंट शिरेतून फुफ्फुसात किंवा मज्जारज्जूकडे गळण्याचा धोका असतो, किती वेळा होतो ते विचारा. आणि सिमेंट त्या एका मणक्याचं आहे. वरचे-खालचे मणके तितकेच ठिसूळ राहतात, त्यांना औषधच हवं.

गोदाकाठ

पण औषध नेमकं सुरू कोण करणार? ऑर्थो म्हणतात फिजिशियनना दाखवा, फिजिशियन म्हणतात ऑर्थोंनी बघितलंय ना. काकूंची चिठ्ठी दोन्हीकडे फिरतेय.

अस्थिविचार

हेच खरं भगदाड आहे. परदेशात आणि भारतातल्या काही मोठ्या रुग्णालयांत 'फ्रॅक्चर लायझन सर्व्हिस' म्हणून एक माणूसच यासाठी नेमलेला असतो, फ्रॅक्चरच्या प्रत्येक पेशंटची तपासणी आणि औषध झालं का ते पाहायला. इंटरनॅशनल ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशनचा 'कॅप्चर द फ्रॅक्चर' कार्यक्रम २०१२ पासून त्यासाठीच आहे. तुमच्या रुग्णालयात ती सोय आहे का विचारा. नसेल तर घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावं. एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे तज्ज्ञ) किंवा संधिवाततज्ज्ञ जवळ असतील तर उत्तम, नसतील तर फ्रॅक्चर बघणाऱ्या ऑर्थोंनाच त्या भेटीत चार गोष्टी विचारा: हे ठिसूळपणाचं फ्रॅक्चर आहे असं कागदावर लिहाल का, दुसरी कारणं तपासली का, हाडाचं औषध कोणतं आणि कोणत्या तारखेपासून, आणि पुढचा डोस कुणाकडे. कागदावर 'ऑस्टिओपोरोटिक फ्रॅक्चर' लिहिलं असलं की पुढचा डॉक्टर 'वयोमान' म्हणून सोडत नाही.

रानजाई

तालुक्याला डेक्सा नसतो, त्यासाठी शंभर किलोमीटर जावं लागतं आणि ताज्या फ्रॅक्चरची बाई गाडीत बसूच शकत नाही. तोवर औषध थांबवायचं का?

अस्थिविचार

थांबवायचं नाही. दबलेला मणका एक्स-रेत स्पष्ट असेल, रक्ततपासणीत दुसरं कारण नसेल, तर औषध सुरू करायला डेक्साची अट नाही. पुढे तुलनेला आधाररेषा हवी म्हणून तो दोन-तीन महिन्यांत, बसता येऊ लागल्यावर करावा. रक्ताचे नमुने घरून घेणारी लॅब बहुतेक तालुक्यांत असते. इलेक्ट्रोफोरेसिसचा नमुना ते शहरात पाठवतात, अहवालाला काही दिवस लागतात, म्हणून तो पहिल्याच दिवशी द्यावा.

दरम्यान घरी उंची मोजून लिहून ठेवा. अनवाणी, टाचा भिंतीला, सकाळच्या वेळी, दर सहा महिन्यांनी. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंमी कमी किंवा मोजायला लागल्यापासून २ सेंमी कमी झाली, तर दुखत नसलं तरी मणक्यांचा लॅटरल एक्स-रे काढायचा. भिंतीला पाठ लावून उभं राहिल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नसेल, किंवा उभ्या स्थितीत शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांत दोन बोटांपेक्षा कमी जागा राहिली असेल, तरीही तेच.

सरळकणा

त्यात एक भर. बरगडी आणि कंबर जवळ आलेल्यांना दोन घासांतच पोट भरतं आणि वजन उतरतं. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी, प्रत्येकात दूध, दही, डाळ, अंडं किंवा मासे असं काहीतरी. जेवल्यावर लगेच वाकून बसू नये, पंधरा मिनिटं फेऱ्या मारल्या तर छातीत जळजळ कमी होते.